विश्लेषण : झाडावरची मुले खाली का उतरली? मुंबईच्या उपनगरांतून सूरपारंब्या कशा हरवल्या?

मे महिन्याची सुट्टी लागली, की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधल्या पन्नाशी-साठीच्या पिढीच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. चिंचेवरून पडून मोडलेला हात, कैऱ्या पाडल्या म्हणून वाडीवाल्याने केलेला पाठलाग, घरी न सांगता गाठलेली कान्हेरी. ‘आताच्या मुलांना काय कळणार,’ या वाक्यावर त्या गप्पा संपतात. पण नेमके काय होते, ते का गेले आणि गेले त्यातले काय परत यायला हवे, हे प्रश्न केवळ आठवणींचे नाहीत. जगभरातले बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्राचे अभ्यासक गेली काही वर्षे याच प्रश्नांवर काम करत आहेत.

सूरपारंब्या हा खेळ काय होता?

झाडावर चढण्याच्या हौसेला मराठी मुलांनी नियमांत बसवले, तो खेळ म्हणजे सूरपारंब्या. झाडाखाली एक रिंगण आखायचे. एका गड्याने पाय उचलून त्याखालून हातभर लांबीची काठी, म्हणजे ‘सूर’, जमेल तितकी दूर भिरकावायची. ज्याच्यावर राज्य असेल त्याने धावत जाऊन ती आणायची आणि रिंगणात ठेवायची. तेवढ्या वेळात बाकीचे सगळे झाडावर. मग राज्य असलेल्याने कुणाला तरी शिवायचे आणि इतरांनी त्याला चुकवत, फांदीवरून उडी मारून किंवा पारंबीला लोंबकळत खाली येऊन सूर ताब्यात घ्यायचा. गावोगावी नियमांत थोडाफार फरक असे, पण सांगाडा हाच.

या खेळाला साहित्य लागायचे दोनच गोष्टींचे, एक झाड आणि एक काठी. पारंब्यांमुळे वड सर्वांत सोयीचा. वड नसेल तिथे आंबा, चिंच, जे असेल ते. पंच नाही, प्रशिक्षक नाही, प्रवेश शुल्क नाही. किती उंच चढायचे आणि कुठून उडी टाकायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

तरीही हा खेळ बेबंद नव्हता. धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतले जाई. तो खेळात असे, झाडाच्या खालच्या बेचक्यापर्यंत चढे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. धाप लागली, चप्पल तुटली, गुडघा फुटला की ‘टाइम प्लीज’ म्हणायची सोय होती आणि ती सगळ्यांना मान्य करावी लागे. मोठ्यांनी घालून न दिलेली ही सुरक्षा-व्यवस्था होती. ती मुलांनीच चालवलेली असल्यामुळे सहसा पाळलीही जाई.

असे खेळ उपनगरांत इतके का रुजले?

कारण उपनगरे बराच काळ शहर आणि गाव यांच्या मधे होती. बृहन्मुंबईची हद्द १९५०मध्ये पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग त्यात आला तो १९५७मध्ये. म्हणजे बोरिवली आणि मुलुंड मुंबईत येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. बोरिवली हे नावच बोरीच्या झाडांवरून पडले असे सांगितले जाते. एक्सर, बाभई, वझिरा या गावठाणांभोवती आंब्याच्या, नारळाच्या, ताडाच्या वाड्या होत्या.

याच काळात गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. अंधेरीचे डी. एन. नगर, घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे टागोर नगर आणि कन्नमवार नगर. तीन-चार मजल्यांच्या इमारती, त्यांच्या मधे मोकळी जागा आणि त्या जागेत आधीपासून उभी असलेली किंवा रहिवाशांनीच लावलेली झाडे. खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर मूल असे, पण खिडकीतून दिसेलच असे नाही.

त्यापलीकडे मोठा मुलूख होता. पश्चिमेला अंधेरीत गिल्बर्ट हिलचा सुमारे दोनशे फुटांचा काळा सुळका आणि त्यावरचे गावदेवीचे मंदिर, महाकाली लेणी, बोरिवलीत मंडपेश्वर, दहिसर नदी आणि जंगलात कान्हेरी. पूर्वेला मुलुंड-भांडुपच्या टेकड्या, तानसाची जाडजूड जलवाहिनी, घाटकोपर-भांडुपची मिठागरे आणि खाडी. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव उशाशी. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटर असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दोन्ही बाजूंच्या मुलांच्या मधोमध. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पायी जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल, इतक्या अंतरात हे सारे होते.

झाड मुलांना काय शिकवत होते?

झाडांची पारख. ती शाळेत शिकवली जात नसे. शेवग्याची फांदी दिसायला भक्कम, पण कडकन तुटते. जांभूळ भरवशाचे नाही, आणि नेमकी जांभळे टोकाला असतात. गुलमोहर पसरट असला तरी त्याची फांदी दगा देते. चिंच चिवट, वाकते पण मोडत नाही. पेरूचे खोड गुळगुळीत, म्हणून घामेजल्या पायांनी त्यावर चढायचे नाही. आंब्यावर पाने चिकटवून केलेले घरटे दिसले, की तिथे लाल मुंग्या आहेत, ती फांदी सोडायची. पाऊस पडून गेल्यावर सालीवर शेवाळ धरते, तेव्हा झाड बंद. वाळकी फांदी ओळखायची तर तिला पाने आहेत का पाहायचे आणि भार टाकण्याआधी एका पायाने दाबून बघायची.

यातली प्रत्येक गोष्ट धोक्याचा अंदाज घेण्याची आहे. डोळ्यांनी पाहिलेले, हातापायांनी चाचपलेले आणि आधी कुणी तरी पडल्यावर सगळ्यांना कळलेले असे हे ज्ञान होते. शिवाय झाडाला पायऱ्या नसल्या तरी इयत्ता होत्या. पहिल्या उन्हाळ्यात खालचे बेचके, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यावरची आडवी फांदी, शेंडा कधी तरी सातवी-आठवीत. मूल वाढे तशी उंची वाढे. भीती एकदम संपत नसे, दर वर्षी थोडी वर सरके.

वर चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते, हाही धडा तिथलाच. चढताना नजर वर असते, उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही. एकदा वर अडकून रडलेले मूल पुढच्या वेळी चढण्याआधीच परतीच्या फांद्या हेरून ठेवत असे.

मग पूर्वीचे सगळे चांगलेच होते का?

नाही, आणि आठवणींचा इथेच घोटाळा होतो. हात मोडल्याची गोष्ट रंगवून सांगणारा ती सांगायला शिल्लक असतो. जे शिल्लक राहिले नाहीत, त्यांच्या गोष्टी सुट्टीतल्या गप्पांत येत नाहीत.

चांदिवली, कांदिवली या भागांत दगडाच्या खदानी होत्या. काम थांबल्यावर त्यांत पावसाचे पाणी साठे. वरून शांत, हिरवट दिसणाऱ्या त्या पाण्याला उतार नसतो. काठावरून पाय घसरला की थेट खोली. पोहायला उतरलेली मुले अशा खदानींत बुडाल्याच्या बातम्या मुंबईच्या वृत्तपत्रांना नव्या नव्हत्या. रेल्वेरुळांवर पैसे ठेवून ते चपटे करणे, पतंगाच्या मागे गच्चीच्या कठड्यावर धावणे, विजेच्या तारांत अडकलेला मांजा ओढणे हेही त्याच बालपणाचे भाग होते. जंगलाच्या कडेलाही चित्र नेहमी रम्य नव्हते. २००४मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत लागोपाठ बळी गेले, तेव्हा कडेच्या वस्त्यांतील पालकांनी संध्याकाळनंतर मुलांना घरात घेतले, ते योग्यच होते.

दुसरी सुटणारी गोष्ट मुलींची. सूरपारंब्यांत मुली असत, पण ठरावीक वयापर्यंत. ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य ऐकून झाडावरून उतरलेल्या मुलींची संख्या कुणी मोजलेली नाही. भावाचा मोडलेला हात घरात कौतुकाचा विषय होई, बहिणीचा फाटलेला फ्रॉक मात्र बोलणी खाण्याचा. तेव्हाचे स्वातंत्र्य सगळ्यांना सारखे मिळत नव्हते.

हे खेळ कधी आणि कसे थांबले?

एका दिवसात नाही. १९७२मध्ये मुंबईत दूरदर्शन आले आणि त्यालाच दोष देण्याची पद्धत आहे. पण दूरदर्शन आल्यानंतरही दोन पिढ्या झाडांवर चढल्या. मोठे बदल जमिनीवर झाले.

पहिला बदल गर्दीचा. १९५१मध्ये सुमारे ३० लाख असलेली बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११मध्ये १ कोटी २४ लाखांवर गेली. त्यातले साडेत्र्याण्णव लाखांहून अधिक लोक एकट्या उपनगर जिल्ह्यात होते. वाढ झाली ती मुख्यतः इथेच. वाड्यांवर इमारती आल्या, खदानी बुजवून संकुले उभी राहिली आणि दहिसर नदीला काठाने भिंती आल्या.

दुसरा बदल वाहनांचा. मुंबईतील नोंदणीकृत वाहने ४० लाखांच्या पुढे गेली आहेत. ती रस्त्यावर जेवढी धावतात, त्याहून अधिक वेळ उभी असतात आणि ती बहुतेक उभी राहतात इमारतीच्या आवारात, जिथे पूर्वी रिंगण आखले जाई. ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी अनेकदा आवारातल्या गाड्यांच्या काचांसाठी असते.

तिसरा बदल झाडाच्या आकाराचा. महापालिकेच्या वृक्षगणनेनुसार मुंबईत २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. म्हणजे झाडे आहेत, पण चढण्याजोगी कमी. रस्त्याकडेच्या झाडांच्या खालच्या फांद्या वाहनांच्या वाटेत येतात म्हणून छाटल्या जातात. पहिले बेचके दहा-बारा फुटांवर गेले, की मुलाच्या दृष्टीने ते झाड उरत नाही, खांब होतो. बुंध्यापर्यंत लादी किंवा काँक्रीट आले, की खाली पडणाऱ्याला माती मिळत नाही. तीच उंची, तेच मूल, पण पडण्याचा परिणाम वेगळा.

पुनर्विकासात मुलांची जागा कुठे गेली?

पोडियमवर. पंतनगर किंवा डी. एन. नगरसारख्या वसाहतींच्या जागी मनोरे उभे राहताना तळमजला आणि त्यावरचे दोन-चार मजले पार्किंगला जातात. त्यांच्या छतावर बाग आणि खेळायची जागा केली जाते. तिथे रबरी फरशी असते, घसरगुंडी असते, कुंपण असते. नसते ते मोठे झाड. काँक्रीटच्या छपरावर टाकलेल्या मातीच्या थरात वड-चिंचेची मुळे जाणार कुठे?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार भूखंडाच्या आकाराप्रमाणे १५ ते २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागे. ही जागा पोडियमवर दाखवता येईल का, या मुद्द्यावर न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ रोजी कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात निकाल दिला. किमान बंधनकारक मोकळी जागा जमिनीवरच हवी, असे त्यात स्पष्ट केले. झाडे जमिनीतच नीट वाढतात आणि जमीन सर्वांना सहज पोहोचण्याजोगी असते, हा त्यामागचा साधा विचार होता.

सार्वजनिक जागांचे चित्र अधिक तुटपुंजे आहे. केंद्र सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. मुंबईत विकास आराखड्यासाठी झालेल्या सर्वेक्षणात ती सुमारे सव्वा चौरस मीटर आढळली. म्हणजे एका माणसामागे एका सतरंजीएवढीही नाही. त्यातल्या अनेक उद्यानांत झाडावर चढणे, हिरवळीवर पाय ठेवणे आणि चेंडू खेळणे या तिन्हींना मनाई असते.

संशोधन काय सांगते?

नॉर्वेच्या अभ्यासक एलेन सँडसेटर यांनी २००७मध्ये मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार मांडले. उंची, वेग, धारदार अवजारे, आग-पाण्यासारख्या धोकादायक गोष्टींच्या जवळ खेळणे, दंगामस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणे. उपनगरांतल्या जुन्या बालपणात हे सहाही प्रकार सापडतात. सूरपारंब्यांत तर उंची, वेग आणि दंगामस्ती हे तीन एकाच वेळी. सँडसेटर आणि लेफ केनेअर यांनी २०११मध्ये असे मांडले, की थरारक खेळ मुलांना भीतीची सवय करून देतात आणि वयाला साजेशी भीती वेळेत ओसरायला मदत करतात. हे अनुभव मिळाले नाहीत, तर ती भीती पुढे चिवट होऊ शकते.

न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. त्यातून १९९८मध्ये एक उलटा वाटावा असा निष्कर्ष पुढे आला. अठराव्या वर्षी ज्यांना उंचीची भीती नव्हती, त्यांच्यात पाच ते नऊ या वयात पडून जखमी झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. पडल्याने भीती जाते असा याचा अर्थ नाही. मुळात न घाबरणारी मुले अधिक चढतात आणि म्हणून अधिक पडतात, हेही शक्य आहे. पण ‘एकदा पडला तर आयुष्यभर घाबरेल’ या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मारियाना ब्रुसोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जोखीम असलेल्या मैदानी खेळांचा मुलांच्या आरोग्यावरचा एकूण परिणाम चांगला आहे, असे त्यात आढळले. जानेवारी २०२४मध्ये कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर असे खेळ मुलांना मिळावेत, अशी भूमिका जाहीर केली. खेळ शक्य तितका सुरक्षित करण्याऐवजी आवश्यक तितका सुरक्षित करावा, हे त्यांचे सूत्र. अपघात टाळण्याचा सल्ला देणे हेच ज्यांचे काम, त्या डॉक्टरांनी हे म्हणणे महत्त्वाचे.

जोखीम आणि घात यांत फरक काय?

या चर्चेचा कणा हाच फरक आहे. जी गोष्ट मुलाला दिसते, चाचपता येते आणि जमणार नसेल तर सोडून देता येते, ती जोखीम. जी त्याला दिसू शकत नाही किंवा समजू शकत नाही, तो घात. आंब्याची तिसरी फांदी ही जोखीम, आतून पोखरलेली फांदी हा घात. नदीतल्या गुडघाभर पाण्यातला निसरडा दगड ही जोखीम, खदानीतले तळ न दिसणारे पाणी हा घात. पानांत दडलेली विजेची तार, भरधाव मोटार, उघडे गटार हे सगळे घातच.

जाणत्या मोठ्यांचे काम घात दूर करण्याचे आणि जोखीम मुलाकडे ठेवण्याचे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) हा विचार फार पूर्वी येऊन गेला आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. आजच्या पालकांना तो मार खटकेल आणि खटकायलाच हवा. पण त्या प्रसंगात विहिरीवर पोहणारे, शिकवणारे लोक होते, हे विसरता येत नाही. खोल पाणी होते, तसेच धरणारे हातही होते. खदानीच्या काठावर ते हात नव्हते. दोन्हीकडे पाणीच, पण एक शिकण्याची जागा आणि दुसरी जीव घेणारी.

आज उपनगरांत नेमके उलटे झाले आहे. झाड, दगड, मातीचा उतार ही जोखीम मुलांपासून दूर गेली आणि रस्ता हा घात दारात आला. मग एक दिवस तेच मूल कॉलेजात जाते आणि लोकलच्या दारात लटकते किंवा मित्राच्या दुचाकीवर बसते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक लोकांचा मृत्यू होतो. त्यात गर्दीचा आणि व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. त्याचा दोष हुकलेल्या बालपणावर टाकणे अन्याय ठरेल. पण धोक्याचा अंदाज घेण्याची पहिली वेळ इतक्या वेगात यावी, हे कुणालाही शहाणपणाचे वाटणार नाही. मधल्या इयत्ता गाळल्या गेल्या आहेत.

पालकांची भीती चुकीची आहे का?

बहुतांशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे. झाडापर्यंत जाण्याची वाट झाडापेक्षा धोक्याची झाली असेल, तर मुलाला एकटे न सोडणारा पालक भित्रा ठरत नाही. हे मुंबईपुरतेही नाही. इंग्लंडमधल्या काही शाळांच्या अभ्यासात १९७१मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९०मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. तिथेही मुख्य कारण वाहतूक हेच होते.

पण पालकांची भीती सगळ्या मुलांना सारखी लागू होत नाही. टेकडीवरच्या वस्त्यांतली, आरेच्या पाड्यांवरची, खाडीकाठची मुले आजही चढतात, उतरतात, पोहतात. त्यांतली काही कौशल्ये पोडियमवरच्या मुलांना शुल्क भरून शिबिरात शिकवली जातात. मात्र वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला जोखमीबरोबर घातही येतो, दरड, उघडी वायर, नाला. एकीकडे जोखीम नाही, दुसरीकडे संरक्षण नाही. या दोन्ही मुलांना एकच गोष्ट हवी आहे, घराजवळची मातीची, झाडाची, वाहनांपासून सुटलेली जागा. आरेत ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा उपनगरांतले लोक रस्त्यावर आले. त्यामागे पर्यावरणाची काळजी होती, तशी अनेकांच्या बालपणाची ओळखीची जागा जात असल्याची जाणीवही होती.

आता काय करता येईल?

मोठ्या उपायांची चर्चा होते, पण काही गोष्टी लहान आहेत. पुनर्विकासाचा आराखडा मंजूर करताना रहिवासी चटई क्षेत्र आणि पार्किंग तपासतात. जमिनीवर किती मोकळी जागा राहणार आणि जुनी झाडे कुठली वाचणार, हेही तेव्हाच विचारता येते. बांधकाम सुरू झाल्यावर तो प्रश्न उशिराचा असतो. मार्च २०२२मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ उपक्रमात रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवले, त्यात उपनगरांतले रस्तेही होते. एखाद्या गल्लीपुरते हे नियमित झाले, तरी झाडापर्यंतची वाट मोकळी होते.

चढण्याची हौस भागवणारी एक मराठी परंपराही हाताशी आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणलेला मल्लखांब आजही व्यायामशाळांत शिकवला जातो. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना या कामासाठी २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबावर मुलगा असो वा मुलगी, पकड, तोल आणि उतरणे तिन्ही शिकतात, आणि खाली मॅट असते. जंगलाची ओळख करून घ्यायला राष्ट्रीय उद्यान आणि गोरेगावचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे.

आणि एखादे झाड अजून आवारात उभे असेल, तर पालकांना काही साधी पथ्ये पाळता येतील. झाड आधी स्वतः पाहावे, वाळक्या फांद्या, तारा, मधमाश्यांचे पोळे, खालची जमीन. पावसात आणि पावसानंतर लगेच चढू देऊ नये. दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम झाडाला टेकलेले असावेत, हे आधीच सांगावे. मूल वर असताना ‘पडशील, पडशील’ असे ओरडू नये, त्याने लक्ष झाडावरून उडते. ‘पुढचा पाय कुठे ठेवणार?’ असे विचारावे. हातांवर पडून कोपर सुजले, बोटे बधिर झाली, डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा झापड येऊ लागली, तर घरगुती उपाय न करता तडक डॉक्टर गाठावा.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य मात्र जुन्या मुलांनाही ठाऊक होते. मुलाला उचलून फांदीवर बसवू नये. जिथवर ते स्वतः चढेल, तिथवरूनच त्याला स्वतः उतरता येते. पहिल्या दिवशी ते अंतर जमिनीपासून दोन फूट असेल. तेवढ्यावरच थांबावे. पुढचा उन्हाळा येईपर्यंत झाड तिथे उभे राहील, याची काळजी मोठ्यांनी घ्यावी.